साडेतीन मुहूर्तांचे मासे

सिंगापूरच्या चारी बाजूंना समुद्र आहे, आणि मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या हॉलमध्ये उकिडवा बसून बादलीत मीठ कालवतो आणि समुद्र तयार करतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, समुद्र एवढा जवळ आहे तर दोन बादल्या भरून का नाही आणत? पण इथला किनाऱ्याचा समुद्र जहाजांचा आहे. त्यात तेल आहे, गाळ आहे, आणि कुणी काय ओतलंय ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. मी स्वतः जहाजावर सेकंड इंजिनियर होतो, त्यामुळे या बाबतीत माझी माहिती जरा जास्तच आहे. म्हणून पाणी गाळून घ्यायचं, पिशवीतलं मीठ मोजून घालायचं, पंपाने ढवळत ठेवायचं आणि मगच ते माशांच्या टाकीत भरायचं.

घरोघरच्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची देखभाल, हा माझा धंदा. दर पंधरवड्याला जायचं, काच खरवडायची, थोडं जुनं पाणी काढून नवं भरायचं, पंप उघडून साफ करायचा आणि चिलर नीट चालतोय ना ते बघायचं. हो, चिलर. या गावात माणूस घामाघूम झालेला चालतो, समुद्री माशाला मात्र पाणी गार लागतं. मालक पंख्याखाली आणि मासा गार पाण्यात, अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. मराठी गिऱ्हाइकं माझी ओळख ‘माशांचे डॉक्टर’ अशी करून देतात. मी ती खोडत नाही, पण खरं म्हणजे मी प्लंबर आहे.

फोन येतो तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते, आमचे मासे भांडतात. मी विचारतो, टँग आहेत का? असतातच. टँग हा चपटा, देखणा आणि कमालीचा हट्टी मासा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांना एकेक पातं असतं, वस्तऱ्यासारखं. एरवी ते मिटलेलं असतं. चिडला की तो शेपटीचा फटका मारतो आणि समोरच्याचं अंग चिरतो. एरवी दिवसभर खडकावरचं शेवाळ खात हिंडायचं, एवढाच त्याचा उद्योग. खऱ्या समुद्रात खडक लांबच लांब पसरलेला असतो, तिथे यांचे कळप गुण्यागोविंदाने चरतात. तुमच्या हॉलमधल्या सहाफुटी टाकीत मात्र पहिला आलेला टँग सगळं शेवाळ आपल्या नावावर करून घेतो. नंतर येणारा त्याच्या लेखी चोर. त्यातही तो त्याच्याच घडणीचा असला तर विचारूच नका.

तेव्हा टँग एकत्र ठेवायचे तर चार गोष्टी पाळाव्या लागतात. टाकी परवडेल तितकी लांब घ्यावी. वेगवेगळ्या घडणीचे आणि वेगवेगळ्या रीतीने खाणारे टँग निवडावेत. पोटं भरलेली ठेवावीत. जपानी सुशी ज्यात गुंडाळतात ते शेवाळाचं काळं पान, बिनमसाल्याचं, चिमट्याने काचेला लावून दिलं की त्यांचा जीव रमतो. आणि सगळ्यांना एकाच दिवशी आत सोडावं, म्हणजे जागा कुणाचीच नसते. ते जमत नसेल तर गरीब आधी आणि दांडगा शेवटी. ही शेवटची गोष्ट कुणीही पाळत नाही. माणसं दुकानात जाऊन साडीचा रंग निवडावा तसा एकेक मासा निवडतात. या महिन्यात पिवळा, पुढच्या महिन्यात निळा.

मग माझ्यासारख्याला युक्त्या कराव्या लागतात. बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोत आयटीतले एक गृहस्थ राहायचे. त्यांच्या जुन्या टँगने नव्याचा पिच्छा पुरवला होता. मी म्हटलं, काचेला बाहेरून आरसा लावा. दांडगा मासा आरशातल्या स्वतःशी भांडत बसतो, तेवढ्यात नव्याला श्वास घ्यायला सवड मिळते. त्यांनी बेडरूममधला मोठा आरसा आणून लावला. युक्ती चालली. आठवडाभराने त्यांचा फोन आला की मासे आता मजेत आहेत, पण बायको विचारते आहे की तिने ऑफिसला जाताना कुठे बघायचं.

हे असं चालायचंच. पण आज लिहायला बसलो आहे ते क्लेमेंटीच्या दळवींबद्दल.

नितीन दळवी तेलवाहू टँकर जहाजावर चीफ इंजिनियर. बायको सुमेधा इथे एका संशोधन संस्थेत काम करते, मुलगी ईशा शाळेत. मी सेकंड म्हणून समुद्र सोडला आणि हा चीफ, त्यामुळे वयाने मी मोठा असलो तरी मी त्याला ‘चीफ’ म्हणायचो आणि तो मला काका. त्याची टाकी मीच बसवून दिली होती. पाणी नीट मुरलं, शेवाळ धरलं, आणि मासे घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने मला न विचारता एक बेत केला.

बेत असा. गुढीपाडव्याला पहिला टँग, अक्षय्य तृतीयेला दुसरा, दसऱ्याला तिसरा आणि दिवाळीच्या पाडव्याला चौथा. साडेतीन मुहूर्त, चार मासे. चौथा तो स्वतः घेऊन येणार होता, आणि त्यानंतर जहाजावर परत जाणार नव्हता. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात त्याच्यासाठी किनाऱ्यावरची नोकरी तयार होती. चांगल्या मुहूर्तावर सुरू केलेली गोष्ट टिकते, ही त्याच्या घरची पक्की समजूत. या समजुतीवर आमच्या लोकांनी सोनं घेतलं, गाड्या घेतल्या, फ्लॅट बुक केले. टँग मात्र माझ्या माहितीत कुणी घेतले नव्हते. आणि टँगच्या बाबतीत याहून उलटी रीत शोधून सापडली नसती.

गुढीपाडव्याला नितीनने स्वतः पिवळा टँग आणून सोडला आणि आठवड्याभरात तो जहाजावर गेला. पिवळ्याला सगळी टाकी मोकळी मिळाली. अक्षय्य तृतीयेला दुकानदाराने नितीनच्या ऑर्डरप्रमाणे तपकिरी टँग घरपोच दिला. रंग वेगळा, पण घडण नेमकी पिवळ्याची. मला कळलं ते सुमेधाच्या फोनवरून. मी पोचलो तेव्हा तपकिरी पंपामागे डोकं खुपसून उभा होता. पंख फाटलेले, अंगावर चिरा. त्याला काढून मी माझ्याकडच्या औषधाच्या टाकीत नेलं. वाचला नाही.

मी सुमेधाला ते सांगितलं. ती म्हणाली की अगदी तसाच दुसरा आणून द्या, नितीनला कळता कामा नये. मी म्हटलं, तसाच आणला तर तसाच मरेल. पिवळा आता त्या टाकीचा मालक आहे. तिने पुन्हा विनवलं. मला जरा रागच आला. मासा म्हणजे फुटलेला कप नव्हे, की सेट पुरा करायला दुसरा आणून ठेवला. तसं मी बोलूनही गेलो.

तेव्हा ती म्हणाली, "काका, मला माशांचं एवढं काही नाही हो. पण दिवाळीला चार मासे दिसले नाहीत तर नितीन म्हणेल, अजून वेळ आलेली नाही. आधी दोनदा असंच झालंय. दोन्ही वेळा नोकरी हातात होती, आणि दोन्ही वेळा काहीतरी आडवं आलं. ईशा आता किती दिवस लहान राहणार आहे?"

माझा राग गेला. जहाजावरच्या माणसाच्या घरी काय असतं ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, मासे मी बघतो, नितीनला मात्र तू सांग. ती बरं म्हणाली आणि सांगितलं नाही.

मग काही महिने असे गेले की व्हिडिओ कॉलवर सुमेधा टाकी दाखवायची, पिवळा ऐटीत पुढे यायचा, आणि तपकिरी कुठे आहे असं विचारलं की तो खडकामागे लाजून बसलेला असायचा. ईशाला हे पटत नव्हतं. मी काच खरवडत होतो तेव्हा एकदा तिने मला इथल्या पोरांच्या इंग्रजीत सरळ सुनावलं, "अंकल, हाइड अँड सीक सो लाँग, कॅन नॉट लाह. डॅडी नॉट स्टुपिड, व्हॉट." मला हसू आलं. पोरगी बरोबर बोलत होती.

कारण पावसाळी दिवसांत एकदा नितीनचा मलाच मेसेज आला. इकडचं तिकडचं काही नाही, फक्त एवढंच, काका, तपकिरीची कंडिशन कळवा. चीफ इंजिनियरने इंजिनरूमची खबर विचारावी तसं. मी तो वाचून सुमेधाला फोन केला. म्हटलं, त्याने मला विचारलंय आणि मी खोटं लिहिणार नाही. तू सांगतेस की मी सांगू? ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. पण इंजिनियरला सांगतात तसं सांगा. माझ्या तोंडून आलं तर त्याला ते अशुभ वाटेल."

केवढी शहाणी बाई. मी रीतसर रिपोर्ट लिहिला. तपकिरी टँग निकामी. कारण, आत सोडण्याचा क्रम चुकला. मालात दोष नाही, पाण्यात दोष नाही, दिवसात दोष नाही. पुढचा उपाय, पिवळ्याला तात्पुरता बाहेर काढणे, खडकांची मांडणी बदलणे, नवे दोन टँग एकत्र आत सोडणे, ते रुळल्यावर पिवळ्याला सर्वांत शेवटी परत आणणे. मंजुरी कळवावी.

तासाभरात त्याचा फोन आला. मागे इंजिनची घरघर होती, ती ऐकून मला क्षणभर माझी केबिन आठवली. चिडला असेल असं वाटलं होतं. पण तो शांतपणे एकेक प्रश्न विचारत गेला. मी म्हटलं, चीफ, ल्यूब ऑइलचा पंप सुरू न करता तुम्ही मेन इंजिनला किक मारलीत, क्रम चुकला, दुसरं काही नाही. ते त्याला लगेच समजलं. मग मी माझा बेत सांगितला. नवे दोघे मी आधीच आणून माझ्याकडे वेगळे ठेवतो, म्हणजे रोगराई असली तर कळेल. दसऱ्याला त्यांना आत सोडू, आणि त्याच दिवशी पिवळ्याला बाहेर काढू. पिवळा दिवाळीच्या पाडव्याला परत येईल. मधले दिवस नव्यांना रुळायला नेमके पुरतात. म्हणजे चाराऐवजी तीन मासे झाले, पण क्रमही राहिला आणि तुमचे मुहूर्तही राहिले. या तडजोडीचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता, अजूनही वाटतो.

तो हसला. मग म्हणाला, "काका, एक विचारू? जो सगळ्यांत शेवटी आत जातो त्याचं काय होतं?"

"पहिले काही दिवस मार खातो. म्हणून तर दांडग्याला शेवटी पाठवायचं."

"आणि दांडगा नसेल तर?"

तोच पुढे म्हणाला, "मी शेवटी येणारा आहे. त्या दोघींचं घर लागलेलं आहे, काका. गेल्या खेपेला मला माझ्याच घरातला वायफायचा पासवर्ड विचारावा लागला. ईशाची टीचर मला ओळखत नाही. दोनदा नोकरी आली तेव्हा मी मुहूर्ताचं निमित्त केलं. मुहूर्ताला काय धाड भरली होती? मलाच भीती वाटत होती."

टँग कसे एकत्र ठेवायचे ते मला येतं, माणसांचं येत नाही. तसं मी त्याला सांगितलं. पण मी जहाज सोडून घरी आलो तेव्हाचं सांगितल्याशिवाय राहवेना. पहिल्या दिवसापासून आमची ही, कुंदा, मला कशाला हात लावू देईना. पंखा पुसायला स्टूल घेतलं की म्हणायची, राहू द्या, तुम्ही बसा. भाजी आणतो म्हटलं की, राहू द्या, तुम्ही बसा. तिचं प्रेम होतं त्यात, शंकाच नाही. पण ‘तुम्ही बसा’ हे आपण पाहुण्याला म्हणतो. मला ते ऐकून दारामागे जाऊन रडावंसं वाटायचं. हे मी कुंदालाही कधी सांगितलं नव्हतं, आणि ते मलाक्काच्या सामुद्रधुनीत कुठेतरी असलेल्या एका चीफला सांगून बसलो. त्याने विचारलं, मग पुढे काय झालं? मी म्हटलं, पुढे काय, जातं ते हळूहळू. तुम्ही या तर खरं.

हे बोलणं मी सुमेधाच्या कानावर घातलं नाही. ते त्याचं होतं. त्यामुळे तिला वाटत राहिलं की सगळं माशांवर अडलंय, आणि मला माहीत होतं की तसं नाही.

नवे दोघे मी निवडले ते जीव ओतून. एक निळा, लांबट घडणीचा, वयाने कोवळा. दुसरा बारीक रेघांचा, डोळ्याभोवती पिवळी कडी असलेला. हा पानं तोडून खात नाही, खडकावरचा पातळ थर कंगव्यासारख्या दातांनी खरवडून खातो, म्हणून बाकीच्यांच्या ताटात हात घालत नाही. दोघांनाही माझ्याकडे पांढरे ठिपके आले, टँगना ते येतातच, आणि औषधाने गेले.

दसऱ्याला सकाळी गेलो तर टाकीला झेंडूची माळ आणि माझ्या बादलीसाठी हळदकुंकवाची वाटी तयार. हत्यारांची पूजा म्हणून सुमेधाने माझी बादली, पाइप, काच खरवडायचं पातं, सगळं ओळीने मांडायला लावलं. मी म्हटलं, कुंकू लाव, पण बाहेरच्या बाजूने, एक कणही पाण्यात जाता कामा नये. तिने इतक्या जपून लावलं की मला गंमत वाटली. मग पिवळ्याला पकडायचा कार्यक्रम सुरू झाला. टँगला जाळीने पकडत नाहीत, शेपटीचं पातं जाळीत अडकतं आणि मासा फाटतो. प्लॅस्टिकच्या डब्यात वळवून आणावा लागतो. त्यासाठी निम्मे खडक बाहेर काढले. सुमेधा टॉवेल घेऊन उभी, ईशा बादलीचं झाकण घेऊन उभी, माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात, आणि पिवळा दर वेळी डब्याच्या तोंडापर्यंत येऊन माझ्याकडे बघून परत जायचा. शेवटी ईशाने काचेला शेवाळाचं पान लावलं आणि हा खादाड त्याच्यामागे आपणहून डब्यात शिरला. जमिनीवर एवढं पाणी झालं होतं की आपट्याची पानं आम्ही एकमेकांना ओल्या हातांनीच दिली.

खडक मी पुन्हा लावले ते मुद्दाम वेगळे. डावीकडची गुहा उजवीकडे, उंच होतं ते आडवं. निळा आणि रेघांचा आत गेले, घाबरले, लपले, आणि दोनेक दिवसांत खायला लागले. पिवळा माझ्या घरी तुरुंगात. कुंदा म्हणायची की तो तिच्याकडे रागाने बघतो.

नितीन दिवाळीच्या तोंडावर उतरला. पाडव्याला मी पिवळ्याला घेऊन पोचलो तेव्हा घर माणसासारखं नटलेलं होतं. नितीन नव्या झब्ब्यात. मला बघून पुढे आला आणि माझ्या हातातली बादली घ्यायला वाकला, तोच सुमेधा आतून म्हणाली, "राहू दे रे, तू बस. काका करतील." तिच्या आवाजात एवढं कौतुक होतं. नितीनने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो जाऊन सोफ्याच्या कडेवर बसला.

पिवळ्याच्या बादलीत टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळणं चालू असताना सुमेधाने त्याला ओवाळलं. त्याने तिच्यासाठी कानातले आणले होते. सगळं छान झालं. मग ती ईशाचं काहीतरी बघायला आत गेली, आणि नितीन ओवाळणीचं ताट हातात घेऊन हॉलच्या मधोमध उभा राहिला. ते कुठे ठेवायचं हे त्याला माहीत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, परत आला, आणि शेवटी मला विचारलं, "काका, हे कुठे ठेवू?" मी त्या घरात पंधरवड्यातून एकदा येणारा माणूस. मला ती जागा माहीत होती, याचंच मला वाईट वाटलं.

पिवळ्याला सोडलं. सवयीने तो डावीकडे गेला, तर गुहा नाही. उजवीकडे गेला, तर तिथून निळा बाहेर आला आणि त्याने शेपटी वळवून पातं दाखवलं. पिवळा थबकला. रेघांच्या माशामागे एकदोनदा धावला, पण त्यात जोर नव्हता. नवख्या माणसासारखा तो टाकीभर फिरला आणि काचेला लावलेल्या पानाकडे आला. थोड्या वेळाने त्याच पानाच्या दुसऱ्या टोकाला निळा आला. कुणी कुणाला काही केलं नाही. सुमेधाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती म्हणाली, जमलं काका, जमलं सगळं. नितीनही हसत होता, पण त्याचं लक्ष माशांकडे नव्हतं.

त्याने हार्बरफ्रंटची नोकरी धरली. नंतरच्या खेपांना तो कधी कधी घरी असायचा. सोफ्याच्या कडेवरच बसलेला असायचा. ईशाचा अभ्यास घ्यायला जायचा, ती म्हणायची, "नेव्हर माइंड, डॅडी, आय आस्क माय फ्रेंड." नेलकटर कुठे आहे असं विचारायचा. सुमेधा त्याचं सगळं इतक्या हौसेने करायची की त्याला करायला काही उरतच नव्हतं. मला दिसत होतं, पण मी काय बोलणार?

एकदा मी पाणी काढत असताना तो सोफ्यावरून म्हणाला, "काका, त्या मागच्या पंपाचं काहीतरी बिनसलंय. आवाज ऐका." मला काही वेगळं ऐकू येईना, आणि खरं सांगतो, थोडं लागलंही, कारण तो पंप मीच आदल्या खेपेला साफ केला होता. पण त्याने उघडला तर आतल्या पात्यात शिंपल्याचा एक तुकडा अडकला होता. त्याने तो काढला, पंप धुतला, पुन्हा बसवला, आणि बराच वेळ टाकीखालच्या कपाटात डोकं घालून बसला. पुढच्या खेपेला त्याने मला पाइप धरायला मदत केली. त्याच्या पुढच्या खेपेला पाण्याचा खारटपणा कसा मोजतात ते विचारून घेतलं. मला बरं वाटलं, पाठ अलीकडे दुखते.

मग सुमेधाचा एक फोन आला. जुन्या कंपनीच्या एका जहाजावरचा चीफ आजारी पडला होता. एकच करार, थोड्या महिन्यांचा, फार अडचण आहे, या, अशी गळ घालत होते. नितीन बाल्कनीत उभा राहून त्यांच्याशी बोलतोय, आणि आत काहीच सांगत नाही, असं ती म्हणाली. तिला रडूही येत नव्हतं. मी म्हटलं, थांब, बघू. दुसरं काय म्हणणार?

दोन दिवसांनी नितीनचा मेसेज आला. काका, पुढच्या महिन्यापासून टाकीसाठी येऊ नका. आजवर खूप केलंत.

जहाजावर निघाला आणि टाकी मोडतोय, असंच मला वाटलं. एवढी दसऱ्याची धावपळ, एवढे मुहूर्त, आणि शेवटी हे. कुठल्या तोंडाने फोन करू असं वाटत होतं, पण केला. सुमेधाने उचलला. मी म्हटलं, कधी जातोय तो?

"नाही जात, काका," ती म्हणाली. "त्यानं कंपनीला नाही म्हणून कळवलं. काय सांगितलं माहितीये? घरी मशिनरी आहे, बघणारा दुसरा माणूस नाही. तुम्हाला राग आला असेल ना? मी त्याला म्हटलं, अरे, काका आहेत की. तर म्हणाला, काकांना येऊ देऊ नकोस. घरात एक तरी गोष्ट अशी हवी, की मी नसलो तर अडेल."

रागबिग काही नाही, असं कसंबसं सांगितलं, पिवळ्याला पान वेळेवर द्या म्हटलं आणि फोन ठेवला. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोण होतं असं तिने विचारलं. मी म्हटलं, एक चांगलं गिऱ्हाईक गेलं.

तिने माझ्या खुललेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग अशी आणखी दोन-चार जाऊ देत."